ग्रंथालयाची इमारत: आधी रॅक मोजायचे की आधी दर्शनी भिंत रेखाटायची?

दुरेघी
ग्रंथालयांच्या इमारतींचे फोटो सगळीकडे फिरत असतात. घुमट, गोल जिने, छतापर्यंत चढलेल्या फळ्या. पुस्तकं मावतात किती, स्लॅब ती पेलतो का आणि त्यांच्या डोक्यावरून ड्रेनेजचा पाइप तर गेला नाही ना, हे मात्र फोटोत येत नाही. माझं मत सरळ आहे: ग्रंथालयाचा आराखडा ९०० मिमी लांबीच्या रॅकपासून सुरू व्हावा, दर्शनी भागापासून नाही.

साधं गणित बघा. सर्वसाधारण पुस्तकं मीटरभर फळीवर ३० बसतात. ६०,००० पुस्तकांना २,००० मीटर फळी. पण फळ्या ठासून भरत नाहीत. नवं पुस्तक मध्येच कुठेतरी घालायचं असतं आणि जागा नसली की एका पुस्तकापायी अख्खी रांग सरकवावी लागते. म्हणून ७५ टक्केच भरायच्या, म्हणजे २,६६७ मीटर. दुतोंडी रॅकला सहा फळ्या धरल्या तर एका कप्प्यात, म्हणजे रॅकच्या ९०० मिमी लांबीच्या तुकड्यात, ६ × २ × ०.९ = १०.८ मीटर फळी मिळते. असे २४७ कप्पे लागतील. रॅकची खोली ०.५ मीटर आणि वाट १ मीटर धरून एका कप्प्याला १.३५ चौ.मी. लागतात. म्हणजे नुसते रॅकच ३३३ चौ.मी. आडव्या वाटा, कॉलम, दारं यांचे २५ ते ३० टक्के वर धरा. झाले साधारण ४३० चौ.मी.

आता प्रश्न. दोन मजली जुनी ऑफिसची इमारत आहे असं धरा. प्रत्येक मजला ५०० चौ.मी., कॉलम ६ × ६ मीटरवर. तिचं या ६०,००० पुस्तकांसाठी ग्रंथालय करायचं आहे. आधी काय तपासाल आणि पुस्तकं कुठल्या मजल्यावर ठेवाल?

ओळंबा
आधी स्लॅब. बाकी सगळं नंतर.

ऑफिसच्या मजल्याला हिशेबात साधारण २.४ किलोन्यूटन प्रति चौ.मी. धरतात, म्हणजे २४५ किलो. पुस्तकांच्या रॅकसाठी अमेरिकी बांधकाम संहिता ७.२ मागते, म्हणजे ७३० किलोच्या आसपास, जवळजवळ तिप्पट. बिनरॅकच्या वाचनकक्षाला २.९ पुरतं. म्हणजे ऑफिसच्या मजल्यावर खुर्च्या-टेबलं थोड्या तपासणीने बसतील, पण पूर्ण उंचीचे रॅक ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागेल.

मूळ नकाशे मिळाले तरी त्यांच्यावर विसंबू नका. सळया प्रत्यक्षात किती आणि कुठे आहेत ते स्कॅनरने बघा, दोन-चार ठिकाणी सळयांवरचा काँक्रीटचा थर (कव्हर) फोडून व्यास मोजा, काँक्रीटचे कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, काढून दाबून बघा. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) फक्त तुलनेपुरता वापरावा. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे (कार्बोनेशनने) कडक झालेला असतो, त्यामुळे हॅमर ताकद जास्त दाखवतो.

काठावरचा
७३० किलो? कथा-कादंबऱ्या इतक्या जड असतात होय? काही वाचताना जड जातात ते माहीत आहे...

ओळंबा
@काठावरचा, प्रश्न बरोबर आहे. कादंबऱ्यांचं वजन फळीच्या मीटरला ३० किलो धरा. दुरेघींचा कप्पा पूर्ण भरला तर ३२४ किलो, रॅकचे स्वतःचे ६० धरून ३८४. भागिले १.३५ चौ.मी. केलं की २८५ किलो. म्हणजे ७३० च्या निम्म्याहूनही कमी, पण ऑफिसच्या २४५ पेक्षा तरीही जास्तच.

संहिता यापेक्षा वाईट परिस्थिती धरते: २.३ मीटर उंच रॅक, दोन्ही बाजूंना ३०० मिमी खोल फळ्या, वाट ०.९ मीटर. नियतकालिकांचे बांधीव खंड मीटरला ६० किलोपर्यंत जातात. सात फळ्यांचा कप्पा ७५६ किलो, रॅक धरून ८३० च्या पुढे, म्हणजे चौ.मी.ला सव्वासहाशेच्या आसपास. आणि आज कादंबऱ्या असलेल्या जागी दहा वर्षांनी कोणी बांधीव खंड आणून ठेवणार नाही, याची हमी कोण देणार?

अजून एक. २८५ हा वाटेसकट काढलेला सरासरी आकडा आहे. रॅकच्या बुडाखालच्या ०.४५ चौ.मी.वर ८५० किलो प्रति चौ.मी. येतात. पातळ स्लॅबला हे वेगळं तपासावं लागतं.

सज्जा
दुरेघी, मी असहमत. रॅक हे एकक धरलं की इमारत गोदामासारखी होते. एकक वाचकाची खुर्ची असायला हवी. वास्तुविशारद लुई कानने अमेरिकेतल्या एक्सेटरच्या ग्रंथालयात (१९७१) तेच केलं. पुस्तकं मधल्या काँक्रीटच्या कड्यात, वाचक बाहेरच्या विटांच्या कड्यात खिडकीला लागून. माणूस पुस्तक घेतो आणि उजेडाकडे जातो, इतकी साधी कल्पना. प्रत्येक कॅरलला, म्हणजे एकेका वाचकाच्या आडोशाच्या टेबलाला, डोळ्यांच्या पातळीवर छोटी खिडकी आणि तिला स्वतःची लाकडी झडप. वरची मोठी काच सगळ्यांची, खालची झडप ज्याची त्याची. हे रॅक मोजून सुचत नाही.

दुरेघी
@सज्जा, पण तुमच्याच उदाहरणात पुस्तकं कुठे आहेत बघा की. जड भाग मध्ये काँक्रीटवर, हलका भाग बाहेर विटांवर. काननेही वजन आधी मांडलं, उजेड त्याच्याभोवती गुंडाळला.

सज्जा
बरं, अर्धा गुण तुम्हाला.

वाळवी
एक्सेटरच्या उलटं उदाहरण पॅरिसचं, डोमिनिक पेरोची राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत. १९९६ मध्ये वाचकांना खुली झाली. उघड्या पुस्तकाच्या आकाराचे चार काचेचे मनोरे, वर पुस्तकं उन्हात, खाली वाचक बागेच्या कडेला. मग पुस्तकं उन्हापासून वाचवायला काचेच्या आतून लाकडी पडदे लावावे लागले. आधी काच लावा, मग ती झाका.

कागदाला तीन शत्रू: ऊन, ओल आणि चढउतार. तिसरा लोक विसरतात. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के उत्तम. ६५ च्या वर काही दिवस राहिली की बुरशी येते. पण सगळ्यात वाईट म्हणजे दिवसा एसी चालू, रात्री बंद. रोज कागद फुगतो, रोज आकसतो. बांधणीचा कणा आणि डिंक त्यातच सुटतात. संग्रहाच्या खोलीला माणसं कमी, म्हणजे ताजी हवाही कमी लागते. तिला छोटं पण चोवीस तास चालणारं वेगळं यंत्र द्या. वाचनकक्षाच्या मोठ्या यंत्राला तिचा भाग जोडला की वीज वाचवायला कोणीतरी संध्याकाळी बटण दाबतंच.

पाणकळा
+१. आणि त्या छोट्या यंत्राचा ड्रेन पाइप रॅकवरून नेऊ नका. हास्यास्पद वाटेल, पण आर्द्रता सांभाळायला बसवलेल्या एसीचंच पाणी पुस्तकांवर गळणं हा नेहमीचा प्रकार आहे. ट्रेमध्ये शेवाळ साचतं, पाइपला उतार नसतो, पाणी मागे येतं.

संग्रहावर पुढच्या चार गोष्टी असू नयेत: शौचालय, पाण्याची टाकी, सपाट गच्चीचं आउटलेट, एसीचं यंत्र. नूतनीकरणात यातलं काहीतरी आधीच वर असतं. तेव्हा दोनच मार्ग. ते हलवा, नाहीतर पुस्तकं हलवा. "खाली ट्रे लावू" हा तिसरा मार्ग नाही. तो ट्रे कोणीही साफ करत नाही.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना पाणी भरून ठेवायची चाचणी निदान ४८ तास घ्या आणि गळती शोधताना स्लॅबच्या मध्यात नका शोधू. पाणी शिरतं ते कठड्याच्या सांध्यात, पाइप जिथे स्लॅब भेदतो तिथे आणि आउटलेटच्या कडेला. कठड्याच्या बुडाशी कोपरा गोलसर करून थर भिंतीवर ३०० मिमी चढवला नाही तर मधलं काम कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

खूणचिठ्ठी
ग्रंथपालांच्या बाजूने काही. वास्तुविशारद आमच्याकडे "पुस्तकं किती?" एवढंच विचारतात. विचारायला हवं ते असं: दरवर्षी किती वाढतात आणि किती बाद होतात? मोठ्या आकाराची किती? वर्तमानपत्रांचे खंड आडवे ठेवायचे आहेत का? रोज परत येणारी पुस्तकं किती आणि ती काउंटरपासून रॅकपर्यंत कशी जातात?

शेवटच्या प्रश्नावर अख्खा मजला उभा राहतो किंवा पडतो. ट्रॉलीच्या वाटेत २० मिमीचा उंबरा असला तरी दिवसाला पन्नास वेळा पुस्तकं हातात उचलावी लागतात. लिफ्टचं दार ९०० मिमी हवं. परतीची फट बाहेरच्या भिंतीत ठेवायची असेल तर तिच्यामागे अग्निरोधक पेटी हवी, कारण रात्री त्या फटीतून पेटती वस्तू टाकल्याने ग्रंथालयं जळलेली आहेत. लाकडी पेटी, मागे गालिचा आणि शेजारी रॅक असा आराखडा सर्रास दिसतो.

कवडसा
उजेडाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) हवेत आणि रॅकच्या उभ्या पृष्ठभागावर २००. नकाशात जमिनीवरचे लक्स मोजतात, वाचायचं असतं ते उभ्या कण्यावरचं नाव. त्यामुळे वरच्या फळीवर झगझगाट आणि सर्वांत खालच्या फळीवर अंधार, माणूस मोबाइलचा टॉर्च लावून बसलेला.

दिवे वाटेला समांतर, वाटेच्या बरोबर मध्यावर लावले तर खालपर्यंत उजेड सर्वांत चांगला उतरतो. अडचण एकच: पुढे रॅकची जागा बदलली की दिवे रॅकच्या डोक्यावर येतात. वाटेला आडवे लावले तर रॅक कसेही सरकवा, फरक पडत नाही, पण दिवे जास्त लागतात. माझं मत: संग्रह बंदिस्त आणि कायमचा असेल तर समांतर, खुल्या दालनात आडवे. आणि फरशी फिक्या रंगाची घ्या. खालच्या फळीला बराचसा उजेड फरशीच देते. गडद गालिचा घातलात तर दिवे वाढवावे लागतील.

सज्जा
नैसर्गिक उजेडाचं काय? वास्तुविशारद आल्टोने तेव्हाच्या फिनलंडमधल्या व्हिपुरीच्या ग्रंथालयात (१९३५) छताला ५७ गोल झरोके ठेवले. टेबलावर सावलीच पडत नाही, कारण उजेड सगळीकडून येतो. असं का करत नाही आपण?

कवडसा
कारण सूर्य. व्हिपुरी उत्तरेला साधारण ६०.७ अक्षांशावर आहे. तिथे उन्हाळ्यातही सूर्य ५३ अंशांच्या वर चढत नाही. झरोका पुरेसा खोल केला की थेट ऊन त्याच्या भिंतीवरच अडतं आणि परावर्तित होऊन खाली येतं. जिथे सूर्य डोक्यावर येतो तिथे तोच झरोका दुपारी सरळ टेबलावर गोल तापलेला ठिपका पाडेल. तिथे उंच भिंतीतली, ध्रुवाकडे तोंड केलेली खिडकी बरी. कल्पना उचलायची तर सूर्याच्या कोनासकट उचलावी लागते.

काठावरचा
म्हणजे भिंगाखाली कागद धरण्याचा प्रयोग, ५७ पट.

वाळवी
उजेड आत घ्यायचा पण ऊन नाही, यावरचं सगळ्यात हट्टी उत्तर म्हणजे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं बायनेकी ग्रंथालय, वास्तुविशारद गॉर्डन बनशाफ्ट, १९६३. खिडक्याच नाहीत. भिंतींत सव्वा इंच जाडीचे अर्धपारदर्शक संगमरवरी पत्थर बसवलेत, उजेड त्यातून गाळून येतो. आणि दुर्मिळ पुस्तकं त्याच्याही आत, काचेच्या वेगळ्या मनोऱ्यात, स्वतःच्या हवेत. पेटीत पेटी. महाग आहे, पण तत्त्व स्वस्तात वापरता येतं: संग्रह इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लावायचाच नाही, मध्ये एक वाट किंवा खोली ठेवायची. तेही जमत नसेल तर रॅक बाहेरच्या भिंतीपासून निदान १५० मिमी दूर ठेवा. भिंतीला टेकलेल्या रॅकमागे हवा फिरत नाही, बुरशी तिथूनच सुरू होते आणि दिसते तेव्हा तीन फळ्या गेलेल्या असतात.

पाणकळा
आता आगीचं बोलू, कारण लोक पाण्याला इतके घाबरतात की स्प्रिंकलर नको म्हणतात. स्प्रिंकलरची एक तोटी मिनिटाला १०० लिटरच्या आसपास पाणी सोडते, तीही फक्त जिथे आग आहे तिथलीच फुटते. सगळ्या एकदम फुटतात ते सिनेमात. अग्निशमन दलाचा होज याच्या कितीतरी पट पाणी ओततो. भिजलेलं पुस्तक गोठवून, वाळवून वाचवता येतं. राख वाचवता येत नाही.

लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला २९ एप्रिल १९८६ रोजी आग लागली आणि सुमारे ४ लाख पुस्तकं गेली. १९२६ ची इमारत. जुन्या पद्धतीचे, मजल्यावर मजला चढवलेले रॅक, मधल्या फटींतून हवा वर जायची सोय. ती सोय हवेसाठी होती, आग आली तेव्हा तिची चिमणी झाली. रॅकच्या भागात स्प्रिंकलर नव्हते. असे जुने रॅक नूतनीकरणात सापडले तर प्रत्येक मजल्याची फट आधी अग्निरोधक पद्धतीने बंद करा.

रॅकचा माथा आणि स्प्रिंकलरची तोटी यांत ४५० मिमी अंतर मोकळं हवं. उद्घाटनाच्या दिवशी ते असतं. दोन वर्षांनी रॅकच्या डोक्यावर खोकी चढतात आणि पाणी छत्रीवर पडल्यासारखं खोक्यावर पडतं.

खूणचिठ्ठी
खोकी चढतात, कारण आराखड्यात खोक्यांना जागा दिलेली नसते! दान आलेली पुस्तकं, बांधणीला जाणारी पुस्तकं, बाद पुस्तकं, यांना २० ते २५ चौ.मी.ची कामाची खोली द्या. मग कोणी रॅकवर चढवणार नाही.

निळीशाई
गॅसवर चालणारी यंत्रणा बसवली तर पाण्याचा प्रश्नच मिटतो ना?

पाणकळा
@निळीशाई, छोट्या बंद खोलीत मिटतो. निष्क्रिय वायू प्राणवायू २१ टक्क्यांवरून साधारण १२-१३ वर आणतो आणि ते प्रमाण निदान दहा मिनिटं टिकावं लागतं. म्हणजे खोली घट्ट हवी. दाराला पंखा लावून हवेची गळती मोजायची चाचणी असते, ती नूतनीकरणानंतर घ्या. आणि पुढे कोणी एखादी केबल टाकायला भिंतीला भोक पाडलं की पुन्हा घ्या. दाब सोडायची झडपही हवी, नाहीतर वायू सुटताक्षणी फॉल्स सीलिंग खाली येतं. खुल्या दालनाला, जिना असलेल्या दालनाला याचा उपयोग शून्य.

दुरेघी
जागा वाचवायला सरकत्या रॅकचा, म्हणजे रुळांवर ढकलून एकमेकांना भिडवता येणाऱ्या रॅकचा, पर्याय कोणी सुचवला नाही अजून. वाटा बंद केल्या की संग्रह जवळजवळ निम्म्या जागेत बसतो.

ओळंबा
सुचवला नाही, कारण ऑफिसची इमारत म्हणालात. वाटा गेल्या की जागा निम्मी आणि वजन दुप्पट. हिशेबात १२ ते १४ किलोन्यूटन धरावे लागतात. तुमच्या वरच्या मजल्याच्या निदान पाचपट.

आणि ताकद हा अर्धाच प्रश्न. दुसरा अर्धा म्हणजे झोक, वजनाने मध्ये खाली वाकणं. बीमचा झोक लांबीच्या ३६० व्या भागापर्यंत चालतो, ६ मीटरला जवळजवळ १७ मिमी. माणसाला तो जाणवत नाही. पण रुळांवर उभ्या असलेल्या, काही टन वजनाच्या गाड्यांना जाणवतो. रूळ ३ मीटरमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त खाली-वर असले की गाड्या आपोआप मध्याकडे घरंगळतात, ब्रेक लवकर झिजतात. मग तक्रार रॅक पुरवणाऱ्याकडे जाते आणि दोष स्लॅबचा असतो.

शिवाय काँक्रीट वर्षानुवर्षं सावकाश लवत राहतं. आज लेव्हल केलेले रूळ तीन वर्षांनी पुन्हा बघावे लागतात. म्हणून रूळ न आकसणाऱ्या ग्राउटवर बसवताना खाली पॅकिंग काढता-घालता येईल अशी सोय ठेवा. जमिनीवर टेकलेल्या तळमजल्यात हे प्रश्न कमी, पण तिथे भराव नीट दाबलेला आहे का ते बघा. भराव एका कोपऱ्यात बसला की सगळी रांग एकाच बाजूला कलते.

काठावरचा
एक पर्याय आहे ज्यात वजन अजिबात येत नाही. चीनमधलं तियानजिन बिनहाईचं ग्रंथालय, एमव्हीआरडीव्ही ही वास्तुसंस्था, २०१७. वरच्या फळ्यांवर पुस्तकंच नाहीत, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पुस्तकांच्या कण्यांची चित्रं छापली आहेत. वाळवी नाही, बुरशी नाही आणि कोणी परत करायला उशीरही करत नाही.

सज्जा
हसू नका, त्यामागे खरं कारण आहे. वरच्या फळ्यांपर्यंत मागून जायला खोल्या असणार होत्या, घाईत त्या वगळल्या गेल्या. पोहोचायची वाट नसलेली फळी म्हणजे सजावट, इतकंच.

खूणचिठ्ठी
पोहोचायच्या वाटेवरून न्यूयॉर्कच्या हंटर्स पॉइंट ग्रंथालयाची आठवण झाली. वास्तुविशारद स्टीव्हन हॉल, २०१९. देखणी इमारत. कथा-कादंबऱ्यांचे रॅक पायऱ्यांच्या टप्प्यांवर ठेवले होते आणि चाकाच्या खुर्चीला तिथे जायला मार्गच नव्हता. पुस्तकं हलवावी लागली, दावेही झाले. वाटेची रुंदी ९०० मिमी ही किमान, खुल्या दालनात १,२०० द्या. रांगेच्या टोकाला खुर्ची वळायला १,५०० मिमीचं वर्तुळ. काउंटरचा एक भाग ८५० मिमीपेक्षा उंच नको.

याउलट सिॲटलच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने (वास्तुसंस्था ओएमए, २००४) कथेतर पुस्तकं सलग मंद उतारावर चार मजले गुंडाळली. चाकाची खुर्ची आणि ट्रॉली दोन्ही शेवटपर्यंत जातात. संग्रह वाढला की विषय मध्येच तोडून दुसऱ्या मजल्यावर टाकावा लागत नाही. ग्रंथपालांचं दुखणं समजून केलेला आराखडा आहे तो.

निळीशाई
पण नवं बांधायला मिळालं तर ठीक. जुन्या इमारतीत जुने लोखंडी रॅक असतात ते सरळ काढून टाकावेत का? कुरूप दिसतात.

ओळंबा
थांबा! काढण्याआधी बघा की ते नुसती पुस्तकं पेलतात की वरचा मजलाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला अनेकदा रॅकचे खांब हाच इमारतीचा सांगाडा असायचा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मोठा वाचनकक्ष खालच्या सात मजली रॅकवरच उभा आहे. तिथलं पुस्तक काढलं तर काही होत नाही, खांब काढला तर वाचनकक्ष खाली येईल. ते रॅक काढून नवी जागा करायची योजना २०१४ मध्ये सोडून दिली गेली. असे खांब ओळखायची खूण सोपी: वरच्या मजल्याच्या रॅकचा खांब खालच्या खांबाच्या बरोबर डोक्यावर असतो आणि मध्ये बीम नसते.

वाळवी
त्याच इमारतीत मे २०१४ मध्ये वाचनकक्षाच्या छताचं प्लास्टरचं एक फूल पडलं. दालन ऑक्टोबर २०१६ पर्यंत बंद राहिलं आणि सगळ्या फुलांना मागून पोलादी तार बांधली. नूतनीकरणात प्लास्टरचं छत असेल तर वरून, माळ्यातून बघा. खालून शाबूत दिसणारं प्लास्टर मागच्या पकडीतून सुटलेलं असतं. हलक्या हातोडीने ठोकलं की पोकळ आवाज येतो.

आणि नूतनीकरणानंतरची घाई. नवं काँक्रीट २५ मिमी जाडीला साधारण एक महिना या वेगाने वाळतं. १५० मिमीचा नवा स्लॅब म्हणजे सहा महिने पाणी सोडणार. रंगाचा वास गेला म्हणून पुस्तकं आत आणू नका. आर्द्रतेची नोंद घेणारं यंत्र दोन-तीन आठवडे ठेवा, खोलीच्या मध्यात एक आणि रॅकमध्ये, फळीच्या मागच्या बाजूला एक. दोन्ही आकडे ५५ च्या खाली स्थिरावले की मग आणा. एमडीएफच्या (लाकडाचा भुगा डिंकाने दाबून केलेल्या) फळ्या टाळा, त्यातून बाहेर पडणारी आम्लं कागद पिवळा करतात. पावडर कोटिंग भट्टीत नीट भाजलेले पोलादी रॅक बरे.

कवडसा
अवांतर: आवाज. सगळे "शांतता राखा" ची पाटी लावतात आणि मग मध्यभागी चार मजली मोकळा चौक ठेवतात. तळमजल्यावर स्टेपलर वाजला की वर ऐकू येतो. बोलायची जागा खाली दाराजवळ, शांत जागा वर आणि मध्ये रॅक. भरलेले रॅक आवाज चांगला शोषतात.

दुरेघी
मूळ प्रश्नाकडे येते. सगळ्यांचं वाचून हिशेब पुन्हा मांडला.

४०,००० पुस्तकं तळमजल्यावर, सहा फळ्यांचे रॅक: १६५ कप्पे, आडव्या वाटा धरून २८५ चौ.मी. उरलेल्या २१५ मध्ये प्रवेश, काउंटर, मुलांचा भाग, कामाची खोली. ६ मीटरच्या कॉलमांत १.५ मीटरच्या चार रांगा बरोबर बसतात. दुसऱ्या दिशेला सहा कप्पे, म्हणजे ५.४ मीटर, आणि उरलेले ०.६ मीटर कॉलमला.

२०,००० वर, पण चारच फळ्यांचे बुटके रॅक, १.८ मीटर अंतराने. कप्प्याचं वजन २१६ अधिक रॅकचे ४५, म्हणजे २६१ किलो, भागिले १.६२ चौ.मी. म्हणजे १६० किलो. ऑफिसच्या २४५ च्या आत. १२४ कप्पे, २५७ चौ.मी. उरलेल्या २४३ मध्ये माणशी ३ चौ.मी. धरून ८० वाचक. शौचालयं दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक, संग्रहापासून दूर.

सज्जा
खाली संग्रह, वर वाचनकक्ष. वास्तुविशारद लाब्रूस्तने पॅरिसच्या सेंट-जेनेव्हिएव्ह ग्रंथालयात १८५० साली हेच केलं होतं. पुढच्या वेळी गणित न करता मला विचारा.

पाणकळा
तळमजल्याला पुराचा धोका आहे का ते नकाशात लिहा. खालची फळी जमिनीपासून १५० मिमी वर, रॅकखाली पाण्याचे सेन्सर.

ओळंबा
@दुरेघी, मांडणी चालेल, अर्थात सळया नकाशाप्रमाणे निघाल्या तर. एकच दुरुस्ती. वरच्या रांगा दुय्यम बीमना काटकोनात ठेवा, म्हणजे एका रांगेचं वजन अनेक बीमवर वाटलं जाईल. समांतर ठेवल्या आणि एखादी रांग नेमकी एकाच बीमच्या डोक्यावर आली तर सगळं ओझं त्या एकटीवर. तुमचा सरासरी १६० चा आकडा तिथे लागू होत नाही.

कवडसा
पण दुय्यम बीम खिडक्यांना काटकोनात असतील तर रांगा खिडक्यांना समांतर येतील आणि पहिली रांग सगळा उजेड अडवेल.

ओळंबा
मग पहिली रांग दोन फळ्यांची करा. वजनही कमी.

दुरेघी
म्हणजे ६ कप्पे × २ फळ्या कमी × २ बाजू × ०.९ = २१.६ मीटर फळी गेली, दर ६ मीटरच्या खणाला. चार खण धरले तर ८६ मीटर, जवळजवळ दोन हजार पुस्तकं. ती खाली न्यायची तर तळमजल्यावर आठ कप्पे वाढतात. मुलांच्या भागातून ११ चौ.मी. काढून बघते.

खूणचिठ्ठी
मुलांच्या भागाला हात लावू नका. दोन हजार बाद पुस्तकं मी काढून देते.